आवाज दाबणारी पेटी

वाशिमच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, गाठींच्या आड, आमचा आवाज भरायचा कारखाना होता असं सांगितलं की आजकालची पोरं म्हातारा चळला अशा नजरेनं पाहतात. पाहू द्या. गावात तेव्हा धड वीज नव्हती, रेडिओ बड्या लोकांच्या घरी, आणि आम्ही दोन माणसं तबकड्या कापत होतो. त्या तबकड्यांपैकी आज एकही वाजत नाही. ज्यांचे आवाज भरले ती माणसं गेली, आणि जी पेटी घेऊन हा उद्योग केला ती माझ्या माळ्यावर धूळ खात पडली आहे. संपादक म्हणाले, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. दोनचार लिहितो. पण शेवटी जे सांगायचं आहे त्यात गंमत नाही, हे आधीच बजावून ठेवतो.

दोघांपैकी मी देविदास, मूळचा रिठदचा, जिनातला वायरमन. दुसरे अजीज मिस्त्री. बाजारात त्यांचं दुकान होतं. बाजाच्या पेट्या, घड्याळं, ग्रामोफोन, जे बिघडेल ते त्यांच्याकडे यायचं. मुंबईला एक रेकॉर्ड कंपनी बुडाली आणि तिचं सामान लिलावात निघालं. मिस्त्री बाजाच्या पेटीचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, आणायला म्हणून गेले आणि तबकडी कापायचं यंत्र, एक माईक, कोऱ्या तबकड्यांचं खोकं आणि ही वजनदार पेटी घेऊन परतले. स्टेशनवरून बैलगाडीत घालून सामान आणलं तेव्हा त्यांच्या बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

पेटीचं काम काय, ते समजलं तरच पुढचं समजेल. कोऱ्या तबकडीवर मऊ काळा थर असतो. तबकडी फिरते आणि यंत्राची सुई त्या थरात नांगरासारखं तास काढत जाते. गाणारा एकदम ओरडला की नांगर हिसका खातो, शेजारच्या तासात घुसतो, आणि तबकडी गेली. गाणारा पुटपुटला की त्याचा आवाज खरखरीत बुडून जातो. म्हणून माईक आणि सुई यांच्यामधे ही पेटी बसवायची. आवाज चढला की ती दाबून धरते, पडला की हात सैल करते. तिला फिरवायच्या दोन कळा होत्या. एकीनं किती दाबायचं ते ठरायचं, दुसरीनं दाबलेला आवाज किती लवकर सोडायचा ते. मिस्त्रींनी कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या, 'दाब' आणि 'सोड'. वरती एक काटा होता, पेटी किती दाबून राहिली ते दाखवणारा.

तिचे लाड म्हणाल तर सुनेचेही कोणी करणार नाही इतके. आत काचेचे व्हॉल्व्ह, लोक त्यांना बलबच म्हणत. ते पेटवून बराच वेळ तापू द्यायचे, नाहीतर काटा जागेवर राहात नाही. दोन व्हॉल्व्ह जोडीनं ओढायचे, बैलजोडीसारखे. त्यातला एक थकला की आवाज दाबताना दर वेळी 'धब्' असा दणका यायचा आणि तोही तबकडीत कापला जायचा. मग जोड शोधत बसा. त्यात जिनातली रुई! कापसाचा भुरका आत शिरून कळीखाली जमायचा, कळ फिरवली की चर्रचर्र. सायकलच्या पंपानं हवा मारायची, व्हॉल्व्हचे पाय घासून लख्ख करायचे. पेटी बंद केली तरी आतली वीज दबा धरून बसते. म्हणून एक हात पाठीशी ठेवूनच आत काम करायचं, हा मिस्त्रींचा दंडक होता. मी एकदाच विसरलो आणि मागच्या गाठीवर जाऊन आदळलो. मिस्त्री म्हणाले, "गाठ नरम होती म्हणून वाचला. आता सांगू का तुह्या मायले, का तू सांगतं?"

जागा जिनातलीच का, तर तिथे दोन गोष्टी होत्या. शेठजींच्या बंगल्यासाठी विजेचं छोटं इंजिन होतं, ते माझ्या ताब्यात. आणि गोदामात गाठी. चहूबाजूंनी गाठी रचल्या की आवाज घुमत नाही, बाहेरची कावळ्याची कावकावही आत येत नाही. मात्र बाजाराच्या दिवशी जिन बंद असायचं तेव्हाच भरायचं. त्यातही बंगल्यावर कोणी पंखा लावला की इकडे वीज कमी पडायची आणि काटा लडखडायचा. "अर्धा घंटा पंखा लावू नोका मालक," असं शेठजींना उन्हाळ्यात सांगायला जाणं हे माझं काम. ते काय बोलायचे ते दिवाळीच्या अंकात लिहिण्यासारखं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक कीर्तनकार बुवा आले. अभंग असा म्हणायचे की कानाशी मुंगी बोलावी, आणि मधेच जयजयकार असा ठोकायचे की काटा जाऊन खुंटीला आदळायचा. त्यांच्यासाठी पेटी देवानंच पाठवली होती. तबकडी ऐकून बुवा खूश. "माहा हळू आवाजबी मागच्या माणसाले ऐकू येऊन राह्यला!" म्हणाले. दुसरे किन्हीराजा गावचे एक पाटील. त्यांना आपलं भाषण भरून हवं होतं. गावात गर्जणारा माणूस, माईक पाहून नवरीसारखा लाजला. इतका हळू बोलला की पेटीनं सगळा हात सैल सोडून जे मिळेल ते वर उचललं. तबकडी लावली तर भाषणाबरोबर पाटलांचं पोट गुरगुरताना स्वच्छ ऐकू आलं. पाटील म्हणाले, "हे कुत्रं कोणाचं घुसलं होतं?" मिस्त्रींनी मान खाली घालून सांगितलं, "जिनाचं असन मालक."

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

जिनात थावरू नावाचा हमाल होता. बंजारा, मानोऱ्याकडच्या तांड्यातला. बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून तांडा सोडून आई आणि पोरगी घेऊन जिनाच्या मागे झोपडीत राहायचा. गाठ पाठीवर घ्यायचा ती बोचकं घेतल्यासारखी. एक दिवस तो गाठ टाकून मिस्त्रींसमोर उभा राहिला.

"मिस्त्री, बुवाचं भरलं तसं माह्या याडीचं भरता का?"

याडी म्हणजे आई. जमनीबाई. तिच्या गळ्यात गाठ झाली होती. अकोल्याच्या डॉक्टरनं हात टेकले होते. आवाज अजून होता, पण तो किती टिकेल याचा नेम नव्हता.

बंजाऱ्यांत लग्नाच्या वेळी नवरीनं रडून गायचं असतं. त्याला ढावलो म्हणतात. एकेका नातलगाच्या गळ्यात पडून, त्याचं नाव घेऊन, माहेर सुटल्याचं दुःख नवरीनं स्वतः गायचं. लग्न ठरलं की आई, आजी, चुलत्या पोरीला ते शिकवतात. ज्या पोरीला ढावलो येत नाही तिच्यावर तांडा हसतो. तिला माय नव्हती, कोणाचं बोट धरून वाढली कोण जाणे, असं जन्मभर बोलतात. थावरूची पोरगी लच्छी तेव्हा एवढीशी होती, गाठींवर घसरगुंडी खेळायची. तिच्या लग्नापर्यंत आजी राहणार नव्हती. शिकवणार कोण?

"तांड्यातल्या बाया शिकवतीन ना," मी म्हणालो.

"माह्या याडीवानी ढावलो पाच तांड्यात कोणी म्हणत नाही," थावरू म्हणाला. "तिचा आवाज ठेवता येत असन, तर पोरीनं दुसऱ्याचं कायले शिकावं?"

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे कोऱ्या तबकड्या मिळेनाशा झाल्या होत्या. आमच्याकडे तीन उरल्या होत्या, एकाच बाजूला थर असलेल्या, दोन धातूच्या आणि एक काचेवर थर दिलेली. मिस्त्री म्हणाले, तिन्ही हिच्यासाठी.

बाजाराच्या दिवशी जमनीबाई आली. काटक म्हातारी, ओढणीचा पदर दातात धरलेला. हातात कोपरापर्यंत बांगड्या. त्या खडखडल्या असत्या, म्हणून मी गाठीतली रुई काढून तिच्या बांगड्यांवर गुंडाळली आणि दोऱ्यानं बांधली. "लगन माहंच हाये वाटते," ती म्हणाली. लच्छीला तिनं बाहेर पिटाळलं. कुवार पोरीनं वेळेआधी ढावलो ऐकू नये, असं तिचं म्हणणं. गाठींच्या भिंतीतून बाहेर काही ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

तिला माईकसमोर एकटीला उभं केलं. ती घुटमळली, मग म्हणायला लागली. सुरुवात अगदी पुटपुट. आणि मग एकदम टाहो फुटला. टाहोनंतर हुंदका, पुन्हा पुटपुट. पेटीचा काटा खालीवर नाचत होता. तबकडी शाबूत निघाली. आम्ही खुशीत ती लावली.

जमनीबाई हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. "कोण होय थे बाई?" तिनं विचारलं.

"तूच होय, याडी," थावरू म्हणाला.

"नाही बाप्पा. शब्द माहेच हायेत. पण थे रडून नाही राह्यली, सांगून राह्यली." मग तबकडीकडे बोट करून म्हणाली, "अन् दम पाह्य कसा घेऊन राह्यली. म्हशीवानी."

खोटं काहीच नव्हतं तिचं. पेटीनं टाहो दाबून पुटपुटीएवढा केला होता, आणि टाहो संपल्यावर हात सैल सोडल्यामुळे आत घेतलेला श्वास टाहोएवढा मोठा झाला होता. मिस्त्री 'सोड'ची कळ इकडे फिरवून, तिकडे फिरवून पाहात राहिले. मग चिडून म्हणाले, "देविदास, हा डब्बा काढूनच टाक मधातून."

काढला. दुसरी धातूची तबकडी लावली. पहिल्या टाहोला सुई कशीबशी टिकली. दुसऱ्याला खर्रकन आडवी धावली आणि मधल्या भोकापर्यंत ओरखडा गेला. दाबलं तर रडणं मरतं, न दाबलं तर तबकडी मरते. काचेची एकच उरली. मिस्त्री गाठीला टेकून खाली बसले. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात जमनीबाईच म्हणाली, "मले गळा द्या ना कोणाचा तरी. गळ्यावाचून रडू येते का कोणाले?"

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो. गाणाऱ्या माणसाला माईकसमोर एकटं उभं करायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. ढावलो एकट्यानं म्हणायचाच नसतो, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. थावरू पुढे झाला तर तिनं हात झटकला. "पोराच्या गळ्यात काय रडू? भावाच्या गळ्यात रडतात. माहा भाऊ मेला."

मिस्त्री उठले, डोक्यावरची टोपी सारखी केली. "मी उभा राह्यतो."

"तू तर मुसलमान होय."

"होय. मंग भाऊ नाही होऊ शकत का?"

तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उंची बराबर हाये," म्हणाली.

काचेची तबकडी चढवली, पेटी पुन्हा मधे जोडली आणि तिच्याशी मी बसलो. 'दाब' अगदी थोडा ठेवला. ती मिस्त्रींच्या गळ्यात पडली, माईक तिच्या तोंडाजवळ. पुटपुट सुरू झाली आणि टाहो आला तसा तिनं तोंड त्यांच्या खांद्यात खुपसलं. काटा जरासा हलला आणि परतला. दर टाहोला तेच. रीतच तशी होती. मोठं रडणं खांद्यातच जायचं, आणि डोकं उचलून ती पुन्हा सांगायला लागायची. माझ्या पेटीला कामच उरलं नाही. ती दुसऱ्यांदा डोकं उचलून "भिया" म्हणाली, म्हणजे भाऊ, तेव्हा मिस्त्रींचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि दाढी ओली झाली होती. या साऱ्या उद्योगात मी जे ऐकलं त्यातलं तेवढंच मला पुन्हा ऐकायचं होतं.

पण आम्ही ते ऐकलं नाही. तो थर इतका मऊ की तबकडी दर वेळी वाजवली की आवाज थोडा खरवडून निघतो. मिस्त्रींनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून तासं तपासली. खोल होती, एकमेकांना लागली नव्हती. "झालं," म्हणाले. जमनीबाईनं ऐकायचा हट्ट केला नाही. "पोरीसाठी होय थे, माह्यासाठी नाही," म्हणाली. मिस्त्रींनी थावरूला बजावलं, "पोरगी लग्नाची होईस्तोवर वाजवू नोको. जिवापाड जपजो."

होळीच्या आत जमनीबाई गेली.

पहिली तबकडी, ती सांगणारी, मिस्त्रींनी दुकानात टांगून ठेवली. निदान शब्द तरी जमनीबाईचे होते, म्हणून. वाजवायची इच्छा आम्हाला कोणालाच नव्हती. पुढे लढाई संपली. पेटीचा एक व्हॉल्व्ह थकला, जोडीचा मिळेना. मुंबईला माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. कोऱ्या तबकड्याही नव्हत्या. कारखाना बसला तो बसलाच.

मग लच्छीचं लग्न ठरलं. थावरू दुकानात आला, मी तिथेच होतो. जमनीबाईच्या ओढणीत गुंडाळलेली तबकडी त्यानं देवासारखी समोर ठेवली. "वाजवली नाही बरं मिस्त्री. एक डावबी नाही."

ओढणी सोडली तर आतून राख सांडली. राखेत कडुनिंबाचा वाळका पाला. मिस्त्रींनी फुंकर मारली आणि त्यांचा चेहराच उतरला. काळ्या थराला आटलेल्या तळ्यातल्या मातीसारख्या भेगा गेल्या होत्या. बोट लावलं तर खपली निघून हातात आली, खाली नुसती काच.

"कोठी ठेवली होती?" मिस्त्रींनी विचारलं.

"बियाण्यात," थावरू म्हणाला. "पुढं कामात येणारी चीज होय. ज्वारीचं बी ठेवतो त्याच कणगीत, राख अन् निंबाचा पाला घालून. किडा लागू नाही म्हणून." मग आमचे चेहरे पाहून त्यानं घाबरून विचारलं, "काहून? काय झालं?"

राखेनं थरातलं तेलच पिऊन टाकलं होतं. आम्ही त्याला जपायला सांगितलं होतं. त्याला जपायची जी सगळ्यात मोठी रीत ठाऊक होती, ती त्यानं केली. त्याला बोलणार कोणत्या तोंडानं? तो तिथेच खाली बसला आणि त्या खपल्या एकेक करून ओढणीत गोळा करू लागला. मिस्त्री त्याचा हात धरून "राहू दे, राहू दे," म्हणत होते.

भिंतीवरची तबकडी काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लोखंडी सुई ती लवकर खाऊन टाकेल म्हणून मिस्त्रींनी बाभळीचा काटा घासून ग्रामोफोनला लावला. लच्छी रोज दुपारी यायची, ग्रामोफोनसमोर मांडी घालून बसायची. हुशार पोरगी. शब्द न् शब्द उचलला, नावं बरोबर, सूर बरोबर. आणि टाहोची जागा आली की आजी जेवढ्या हळू म्हणायची तेवढ्याच हळू म्हणायची. मग छाती भरून मोठ्यानं श्वास घ्यायची, म्हशीसारखा.

"बेटी, इथं मोठ्यानं रडायचं असते," मिस्त्री सांगायचे. "हे मशिनीनं दाबलं होय. तुही आजी अशी नव्हती रडत."

"पण याडी तर इथं हळूच म्हणते ना," लच्छी म्हणायची. बापाचं ऐकून तीही आजीला याडीच म्हणे. "आयका." आणि काटा पुन्हा मागे ठेवायची.

एकदा मिस्त्रींनी स्वतः टाहो फोडून दाखवला. पांढऱ्या दाढीचा माणूस भर बाजारात दुकानात बसून रडतो, हे पाहायला लोक जमले. लच्छी हसली आणि मग शरमून म्हणाली, "तुमाले नाही येत, मिस्त्रीबाबा." तिचं काय चुकलं? तिनं आजीचा खरा ढावलो ऐकलाच नव्हता. आजीनं तिला बाहेर पाठवलं होतं. आता आजीचा आवाज समोर वाजत असताना तिनं आमचं का ऐकावं?

"तांड्यावर ने हिले, बायांजवळ बसव," मी थावरूला म्हणालो. तो माझ्यावर उखडला. "माह्या याडीचा आवाज असतानी?"

लग्न तांड्यावर झालं. आम्ही दोघं गेलो. मिस्त्रींना पुढे बसवलं, आजीचा भाऊ म्हणून. निघायची वेळ झाली, बाया गोळा झाल्या, आणि थावरू मान ताठ करून सगळ्यांना सांगू लागला, आता आयका, जमनी याडीचा ढावलो.

लच्छी बापाच्या गळ्यात पडली आणि म्हणू लागली. स्वच्छ, एका पट्टीत, एक शब्द न चुकता. टाहोच्या जागी आवाज खाली बसायचा आणि मग तो मोठा श्वास यायचा. पहिल्या श्वासाला बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. दुसऱ्याला कोणीतरी ओढणी तोंडावर घेतली. एक म्हातारी, जमनीबाईच्या वयाची, माझ्या जवळच उभी होती. ती शेजारणीला म्हणाली, "पोरगी रडून नाही राह्यली व. सांगून राह्यली."

थावरूनं ते ऐकलं. त्याची मान खाली गेली.

मग लच्छी मिस्त्रींच्या गळ्यात आली. तिचे डोळे खरोखर भरून वाहात होते, हे मी एवढ्या जवळून पाहिलं. दुःख होतं हो तिच्यात, पोटभर होतं. पण गळा जे शिकला होता तेच करत होता. मिस्त्रींनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. उजवा तिच्या पाठीवर होता, आणि त्या हाताची दोन बोटं हळूहळू वळत होती, एका बाजूला, मग आणखी थोडी, आणखी थोडी. 'सोड'ची कळ ते तशीच फिरवायचे.

लच्छी एकसारख्या आवाजात पुढचं नाव घेत राहिली.